घरचा संगणक आणि चित्रफितींचे संपादन

चित्रपटाची फीत हाताने कापून जोडली जात असे, त्या काळी संपादकाला मुख्यतः तीन गोष्टी लागत: फीत मागेपुढे फिरवून पाहण्याचे यंत्र, कापण्याचे पाते आणि जोड देण्यासाठी चिकटपट्टी. फितीवरील प्रत्येक चौकट म्हणजे एक स्वतंत्र व पूर्ण छायाचित्र असे. कोणत्याही दोन चौकटींच्या मधून पाते फिरवले, तरी अलीकडच्या वा पलीकडच्या चौकटीला धक्का लागत नसे. आज हेच काम घरातील टेबलावरचा संगणक करतो. विवाहसमारंभ, शाळेचे स्नेहसंमेलन, एखाद्या वृद्ध कारागिराची मुलाखत यांचे चित्रण मोबाइलवर होते आणि संपादन घरी. परंतु आजच्या चित्रफितीतील चौकटी परस्परांपासून तशा स्वतंत्र राहिलेल्या नाहीत. घरचा संगणक या कामात का अडखळतो, या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी या एका गोष्टीत आहे. त्याचा कोणता भाग बदलावा, हा प्रश्न त्यानंतरचा.

प्रथम थोडे गणित करणे इष्ट ठरेल. १९२० बिंदू रुंद आणि १०८० बिंदू उंच अशा एका चौकटीत २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूचा रंग नोंदवण्यास ३ बाइट लागतात असे धरले, तर एका चौकटीस सुमारे ६२ लाख बाइट लागतील. सेकंदाला २५ चौकटी या हिशेबाने दर सेकंदास सुमारे १५५ मेगाबाइट एवढी माहिती जमा होईल. ‘फोर-के’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रणात रुंदी आणि उंची दोन्ही दुप्पट असतात. म्हणजे माहिती चौपट होते आणि एका तासाच्या चित्रणास दोन टेराबाइटहून अधिक जागा लागते. एवढा साठा मोबाइलमध्ये करणे अर्थातच शक्य नाही. म्हणून दूध आटवावे तशी ही माहिती आटवली जाते.

आटवण्याच्या ज्या पद्धती आज सर्वत्र रूढ आहेत, त्यांपैकी एच.२६४ ही २००३ मध्ये आणि एच.२६५ ही २०१३ मध्ये प्रमाणित झाली. दोहोंमागील तत्त्व एकच आहे. काही अंतराने एक चौकट पूर्ण स्वरूपात नोंदवायची आणि तिच्या पुढच्या अनेक चौकटींमध्ये फक्त काय बदलले तेवढेच लिहून ठेवायचे. वक्ता बोलत असता मागची भिंत हलत नाही. मग ती प्रत्येक वेळी नव्याने कशाला नोंदवायची? काही चौकटी तर मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चौकटींच्या आधारे उभ्या राहतात. या युक्तीमुळे चित्रफीत लहान होते खरी, पण मधलीच एखादी चौकट पाहावयाची झाल्यास संगणकाला मागे जाऊन पूर्ण चौकट शोधावी लागते आणि तेथपासून एकेक बदल उलगडत यावे लागते. चित्रफीत नुसती पाहणारा माणूस एकाच दिशेने पुढे जात असतो. संपादक मात्र उड्या मारतो, मागे फिरतो, एकाच जागी दहा वेळा येतो. जो संगणक चित्रफीत विनासायास दाखवतो तोच संपादनाच्या वेळी गुदमरतो, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते; त्याचे कारण हे आहे.

संपादनाचे काम ही एक साखळी असते. डिस्कवरून माहिती वाचली जाते, प्रोसेसर किंवा ग्राफिक्सची यंत्रणा ती उलगडते, उलगडलेल्या चौकटी रॅममध्ये थांबतात, त्यांवर रंगांचे वा अक्षरांचे संस्कार होतात, त्या पडद्यावर दिसतात आणि सरतेशेवटी तयार झालेला चित्रपट पुन्हा आटवून साठवला जातो. साखळीतील सर्वांत मंद कडी सर्वांचा वेग ठरवते. या जागेला कोंडी म्हणता येईल. जीन अ‍ॅम्डाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो: एकूण वेळेपैकी ज्या भागाला दहावा हिस्सा लागतो, तो भाग कितीही वेगवान केला तरी दहाव्या हिश्शाहून अधिक वेळ वाचणार नाही. दुकानदार ज्या भागाची शिफारस करतो त्याच भागात कोंडी असेल, असे नाही.

कोंडी शोधण्यास पैसे लागत नाहीत. विंडोज प्रणालीतील ‘टास्क मॅनेजर’ उघडून ठेवावा आणि नेहमीचे संपादन करीत त्यातील आलेख पाहावेत. कोणता आलेख शंभर टक्क्यांना टेकतो, हे काही मिनिटांतच कळते. येथे दोन फसव्या जागा आहेत. प्रोसेसरचा एकूण आकडा तीस टक्के दिसत असला, तरी त्याच्या अनेक गाभ्यांपैकी एखादाच गाभा पूर्ण भारलेला असू शकतो. दुसरे असे, की रॅम अपुरी पडली म्हणजे संगणक तिच्यातील माहिती डिस्कवर हलवू लागतो. त्या वेळी डिस्क अखंड राबताना दिसते आणि दोष तिचा वाटतो. वस्तुतः उणीव रॅमची असते.

उदाहरणादाखल २०१८ च्या सुमारास घेतलेला एक संगणक डोळ्यांसमोर आणावा. त्यात इंटेलचा सहा गाभ्यांचा आय५-८४०० हा प्रोसेसर, ८ गिगाबाइट डीडीआर४ रॅम आणि १ टेराबाइटची हार्ड डिस्क असून वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. मालकाजवळ खर्चासाठी बेताची रक्कम आहे आणि ती एकाच महागड्या ग्राफिक्स कार्डात घालण्याचा मोह त्याला होत आहे. हा मोह आवरावा. या संगणकात पहिली कोंडी जवळजवळ निश्चितपणे रॅमची आणि दुसरी हार्ड डिस्कची असेल.

आठ गिगाबाइटपैकी बराच भाग विंडोज आणि उघडलेले ब्राउझर हेच व्यापतात. संपादनाच्या वाट्याला जे उरते त्यात फोर-के चित्रण मावत नाही. रॅम १६ गिगाबाइटपर्यंत नेल्यास साधे काम सुरळीत चालते. फोर-केसाठी ३२ गिगाबाइट हे अधिक योग्य माप आहे. समान क्षमतेच्या दोन पट्ट्या जोडीने बसवाव्यात, कारण मदरबोर्डावर तशी सोय असल्यास दोन्हींतून एकाच वेळी माहिती वाहते. वेगळे कार्ड नसलेल्या संगणकात ग्राफिक्सची यंत्रणाही याच रॅमवर गुजराण करते, म्हणून तेथे जोडीचा लाभ अधिक जाणवतो. डीडीआर४ आणि डीडीआर५ या पट्ट्यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असल्याने एक प्रकार दुसऱ्याच्या जागी बसत नाही. खरेदीस जाताना मदरबोर्डाचे पूर्ण नाव कागदावर लिहून न्यावे, हे उत्तम.

हार्ड डिस्कविषयी मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. ती सलग वाचनात सेकंदाला शंभर ते दोनशे मेगाबाइट माहिती देते. मोबाइलवरील आटवलेल्या चित्रणास, ते सेकंदाला १०० मेगाबिटचे असले तरी, अवघे साडेबारा मेगाबाइट पुरतात. मग ती अपुरी का पडते? कारण तिचे वाचनाचे टोक प्रत्यक्ष सरकावे लागते आणि प्रत्येक उडीस सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग जातो. दोन-तीन चित्रफिती, ध्वनी, तात्पुरत्या प्रती आणि स्वतः विंडोज यांच्यामागे ते टोक सतत धावत राहते. एसएसडीमध्ये हलणारा भागच नसल्याने ही धावपळ संपते. सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट देणारी साधी साटा एसएसडी आणि तिच्या सहापट वा त्याहून वेगवान एनव्हीएमई यांच्यातील फरक जाहिरातीत जेवढा दिसतो, तेवढा आटवलेल्या चित्रणाच्या संपादनात जाणवत नाही. हार्ड डिस्क सोडून एसएसडीकडे येण्यातला फरक मात्र पहिल्याच दिवशी जाणवतो. मदरबोर्डावरील एम.२ खाच साटाची आहे, एनव्हीएमईची आहे की दोन्हींची, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत आधी पाहून घ्यावे. जुनी हार्ड डिस्क टाकून देऊ नये. पूर्ण झालेले चित्रपट आणि मूळ चित्रण यांची दुसरी प्रत ठेवण्यास ती चांगली आहे. ‘दुसरी’ हा शब्द येथे महत्त्वाचा; विवाहाचे चित्रण पुन्हा करता येत नाही.

एवढा खर्च झाल्यावर लगेच पुढे न जाता एक बिनखर्चाचा उपाय योजून पाहावा. बहुतेक संपादन-प्रणालींमध्ये मूळ चित्रणाच्या हलक्या प्रती करण्याची सोय असते. त्यांना ‘प्रॉक्सी’ म्हणतात. संपादन या प्रतींवर करायचे आणि अंतिम चित्रपट मूळ चित्रणातून काढायचा. या प्रती अ‍ॅपलच्या प्रोरेस (२००७) किंवा अ‍ॅव्हिडच्या डीएनएक्सएचडी (२००४) यांसारख्या स्वरूपात केल्यास त्यांतील प्रत्येक चौकट पुन्हा स्वतंत्र होते. जुन्या फितीचा गुण अशा रीतीने परत मिळतो आणि सहा गाभ्यांचा जुना प्रोसेसरही मोकळेपणाने चालू लागतो. किंमत द्यावी लागते ती जागेच्या रूपाने. १९२० × १०८० मापाच्या आणि २५ चौकटींच्या चित्रणास प्रोरेस ४२२ या प्रकारात तासाला सुमारे ५५ गिगाबाइट लागतात. ‘प्रॉक्सी’ नावाच्या त्याच्याच हलक्या प्रकारात सुमारे १७. प्रती तयार होण्यास वेळही लागतो, पण ते काम रात्री लावून ठेवता येते.

ग्राफिक्स कार्डाचा विचार आता करावा. त्याच्या पोटात दोन निरनिराळी कामे चालतात. एक विभाग चित्रफिती उलगडण्याचे आणि आटवण्याचे ठरावीक काम करतो. दुसरा रंगसंस्कार, गाळणे, मोठे-लहान करणे यांसारखी गणिते करतो. केवळ कापणे-जोडणे आणि शीर्षके देणे एवढेच काम असेल, तर दुसऱ्या विभागाला फारसे काही करावे लागत नाही. ‘डाविंची रिझॉल्व्ह’सारखी प्रणाली मात्र बराचसा भार कार्डावर आणि कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीवर टाकते, तेथे कार्डाचा खर्च सार्थकी लागतो. पहिल्या विभागाची गोष्ट अधिक नाजूक आहे. काही कॅमेरे रंगांची माहिती अधिक बारकाईने राखणारे, ‘४:२:२’ या नावाचे चित्रण एच.२६५ मध्ये करतात. एनव्हिडियाच्या कार्डांना हे चित्रण स्वतः उलगडता येऊ लागले ते २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासून. उलट इंटेलच्या टेबलावरील संगणकांसाठीच्या अकराव्या पिढीच्या, म्हणजे २०२१ मधील प्रोसेसरांत अंगभूत ग्राफिक्सलाच ही विद्या अवगत होती. असा कॅमेरा वापरणाऱ्याने जुन्या मालिकेतील भारी कार्ड घेतले, तर कार्ड स्वस्थ बसेल आणि प्रोसेसर घाम गाळील. अंगभूत ग्राफिक्सवर भिस्त ठेवणाऱ्याने हेही पाहावे, की इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाअखेर ‘एफ’ हे अक्षर असते, त्यांत ते चालू नसते.

प्रोसेसर बदलणे हा घरगुती संगणकातील सर्वांत अडचणीचा बदल होय. इंटेलच्या सहाव्या ते नवव्या पिढीच्या सामान्य प्रोसेसरांना एलजीए ११५१ याच नावाचे आसन आहे. तरीही सहाव्या-सातव्या पिढीच्या मदरबोर्डांवर आठव्या-नवव्या पिढीचे प्रोसेसर चालत नाहीत. नाव एक आणि संसार दोन! वरील उदाहरणातील संगणकात फार तर नवव्या पिढीपर्यंत जाता येईल. एएमडीच्या एएम४ आसनाचे मालक या बाबतीत अधिक सुदैवी ठरले: २०१७ च्या अनेक मदरबोर्डांवर, त्यांचे बायोस अद्ययावत केल्यावर, २०२० मधील रायझन ५००० मालिका बसवता येते.

विजेचा पुरवठा करणारा एसएमपीएस दुर्लक्षित राहतो. वरच्या संगणकातील प्रोसेसरची नेमस्त गरज ६५ वॉट आहे. त्यात आरटीएक्स ३०६० सारखे १७० वॉटचे कार्ड घातले, तर स्वस्त कॅबिनेटबरोबर आलेला एसएमपीएस तो भार पेलेल असे धरून चालू नये. त्याला कार्डासाठीची जोडणी नसण्याचाही संभव असतो. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत यूपीएस ही चैन नव्हे. उन्हाळ्यात खोलीच चाळीस अंशांवर असते, तेव्हा धुळीने भरलेला पंखा प्रोसेसरला तापवतो आणि तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो. अशा संगणकाला नव्या भागाआधी साफसफाई आणि प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेपाचा नवा थर हवा असतो.

संगणक सातव्या वा त्याआधीच्या पिढीचा असेल, तर आणखी एक तारीख ध्यानात घ्यावी लागते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला मायक्रोसॉफ्टच्या नियमांनुसार असे बहुतेक प्रोसेसर चालत नाहीत. अशा संगणकासाठी पुढेही उपयोगी पडतील तेच भाग घ्यावेत. एसएसडी, चांगला एसएमपीएस, ग्राफिक्स कार्ड हे नव्या संगणकात जाऊ शकतात. जुन्या आसनाचा प्रोसेसर आणि जुनी रॅम बहुधा तेथेच राहतात.

भाग बदलण्यापूर्वी एक पाच मिनिटांची चित्रफीत निवडून तिचा अंतिम चित्रपट निघण्यास किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून लिहून ठेवावे आणि एकेक भाग बदलल्यावर तीच चित्रफीत पुन्हा काढावी. दोन भाग एकाच दिवशी बदलले, तर कोणत्या भागाने किती काम केले हे कळण्यास मार्ग उरत नाही, आणि निरुपयोगी ठरलेला भाग दुकानदाराने परत घेण्याची मुदतही तोवर टळून गेलेली असते.