काळ्या समुद्रातला धान्य करार : कोणी काय कबूल केले होते?

रशियाला दिलेली आश्वासने पाळली गेली नाहीत, असे कारण देऊन मॉस्कोने १७ जुलै २०२३ रोजी काळ्या समुद्रातील धान्य करारातून अंग काढून घेतले. शब्द मोडला तो रशियानेच, असा प्रत्यारोप युक्रेन आणि पाश्चात्त्य देशांनी तत्काळ केला. करार अमलात होता त्या वर्षभरात असे दावे-प्रतिदावे वारंवार झाले आणि त्यांतले खरे कोणते, हे सामान्य वाचकाला कळणे कठीण होऊन बसले. वस्तुत: ज्या कागदांवरून हा वाद झाला, ते उघड आहेत आणि फारसे लांबलचकही नाहीत. ते समोर ठेवून एकेक दावा तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि युक्रेनची काळ्या समुद्रावरील बंदरे बंद पडली. समुद्रात रशियन नौदल, किनाऱ्यालगत सुरुंग आणि कोठारांमध्ये अडकलेले कोट्यवधी टन धान्य, अशी अवस्था झाली. मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेचा अन्नधान्य किंमत निर्देशांक विक्रमी पातळीवर पोहोचला. भारतात येणाऱ्या सूर्यफूल तेलाचा मोठा हिस्सा युद्धापूर्वी युक्रेनमधून येत असे. साहजिकच या कोंडीची झळ मुंबई-पुण्याच्या स्वयंपाकघरांनाही बसली.

एक करार नव्हे, दोन

२२ जुलै २०२२ रोजी इस्तंबूलमधील दोल्माबाहचे राजवाड्यात दोन स्वतंत्र दस्तऐवजांवर सह्या झाल्या. पहिला, ओडेसा, चोर्नोमोर्स्क आणि युझ्नी या तीन बंदरांतून धान्य, खाद्यपदार्थ व खते सुरक्षितपणे बाहेर काढण्यासंबंधीचा. दुसरा, रशिया आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यातील सामंजस्य करार. रशियन अन्नधान्य आणि खते जागतिक बाजारपेठेत विनाअडथळा पोहोचावीत, हा त्याचा विषय आणि तीन वर्षे ही त्याची मुदत.

पहिल्या दस्तऐवजाबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. रशिया आणि युक्रेन यांनी एकाच कागदावर सही केलीच नाही. रशियाचे तत्कालीन संरक्षणमंत्री सर्गेई शोइगू आणि युक्रेनचे तत्कालीन पायाभूत सुविधा मंत्री ओलेक्झांडर कुब्राकोव्ह यांनी एकाच मजकुराच्या वेगवेगळ्या प्रतींवर सह्या केल्या. दोन्हींवर तुर्कस्तानची सही होती आणि संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस अँतोनियो गुटेरस यांची साक्षीदार म्हणून. अमेरिका आणि युरोपीय महासंघ यांची सही दोन्हींपैकी एकाही दस्तऐवजावर नव्हती.

बंदरावर हल्ला न करण्याचे वचन

सह्यांची शाई वाळण्यापूर्वीच, २३ जुलै रोजी, ओडेसा बंदरावर क्षेपणास्त्रे पडली. या हल्ल्याशी आपला काहीही संबंध नसल्याचे रशियाने आपल्याला कळवले, असे तुर्कस्तानच्या संरक्षणमंत्र्यांनी सांगितले. दुसऱ्याच दिवशी रशियाच्या परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्यांनी मात्र ‘कालिब्र’ क्षेपणास्त्रांनी युक्रेनची लष्करी नौका नष्ट केल्याचे जाहीर केले. म्हणजे पहिला खुलासा रशियाच्याच निवेदनाने खोटा ठरला.

परंतु यामुळे करार मोडला का? व्यापारी जहाजांवर तसेच या उपक्रमात सहभागी असलेल्या बंदर सुविधांवर हल्ले करणार नाही, असे कलम मसुद्यात होते. आपले लक्ष्य लष्करी होते, ही रशियाची पळवाट ‘सहभागी असलेल्या’ या शब्दांत दडलेली होती. शब्दांच्या काठावर हा बचाव कदाचित टिकेल. कराराच्या हेतूशी मात्र तो सुसंगत नव्हता, कारण ओडेसा हे मसुद्यात नाव घेऊन नोंदवलेले बंदर होते.

लेखी हमी : नवी की जुनीच?

२९ ऑक्टोबर २०२२ रोजी सेव्हास्तोपोलच्या नौदल तळावर ड्रोनहल्ला झाला आणि रशियाने आपला सहभाग स्थगित केला. उरलेल्या तिघांनी जहाजांची वाहतूक सुरूच ठेवली. २ नोव्हेंबरला रशिया परतला. धान्यवाहतुकीचा मार्ग लष्करी कारवाईसाठी वापरणार नाही, अशी लेखी हमी युक्रेनकडून मिळाल्याचे त्याने सांगितले. आपण कोणतेही नवे बंधन स्वीकारलेले नाही, असे युक्रेनचे म्हणणे होते.

ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. लष्करी जहाजे, विमाने आणि ड्रोन यांनी या मार्गापासून ठरावीक अंतर राखावे, ही अट मूळ मसुद्यातच होती. जुनेच बंधन पुन्हा लिहून दिले, तर घेणारा त्याला ‘लेखी हमी’ म्हणतो आणि देणारा ‘काहीच नवे नाही’ म्हणतो. माघार घेणाऱ्याला सन्मानाने परतण्यासाठी मुत्सद्देगिरीत अशी वाट नेहमीच ठेवली जाते.

साठ दिवस की एकशेवीस?

१८ मार्च २०२३ रोजी कराराला मुदतवाढ मिळाली. ती ६० दिवसांची, असे रशियाने सांगितले, तर १२० दिवसांची, असे युक्रेनने. मूळ कलमानुसार करार १२० दिवसांचा होता आणि तेवढ्याच कालावधीसाठी तो आपोआप वाढू शकत होता. मात्र एखाद्या पक्षाने तो संपवण्याचा ‘किंवा त्यात बदल करण्याचा’ इरादा कळवला, तर ही मुदतवाढ आपोआप होणार नव्हती. युक्रेनने वाक्याच्या पूर्वार्धावर बोट ठेवले आणि रशियाने उत्तरार्धावर. बदलाचा इरादा कळवल्यानंतर पुढे काय व्हावे, याविषयी ते वाक्य मौन बाळगते. इथे दोष मसुद्याच्या संदिग्धतेचा होता. व्यवहारात रशियाची मुदतच खरी ठरली, कारण मे महिन्यात पुन्हा दोन महिन्यांची वाढ घ्यावी लागली.

गरीब देशांचा वाटा

धान्य गरीब देशांकडे जाण्याऐवजी श्रीमंतांकडे गेले, हा रशियाचा सर्वाधिक गाजलेला आक्षेप. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आकडेवारीनुसार वर्षभरात सुमारे ३ कोटी ३० लाख टन माल ४५ देशांत गेला. सर्वाधिक चीनने उचलला, त्याखालोखाल स्पेन आणि तुर्कस्तानने. अत्यल्प उत्पन्न गटातील देशांच्या वाट्याला थेट आलेला हिस्सा तीन टक्क्यांच्या आसपास होता. तेव्हा रशियाचा आकडा निराधार म्हणता येत नाही. दुसरीकडे, निम्म्याहून अधिक माल विकसनशील देशांत गेला, हा संयुक्त राष्ट्रसंघाचा आकडाही खरा आहे. फक्त त्यात चीन धरलेला आहे, हे लक्षात घ्यावे लागते. जागतिक अन्न कार्यक्रमाने अफगाणिस्तान, येमेन, सोमालिया अशा देशांना सव्वासात लाख टन गहू पाठवला, तो याच मार्गाने.

प्रश्न वचनाचा असेल, तर उत्तर स्पष्ट आहे. माल कोणत्या देशाला किती द्यावा, याचे कोणतेही बंधन मसुद्यात नव्हते. हा खासगी व्यापार होता. जे वचन दिलेच नव्हते, ते मोडल्याचा आरोप टिकत नाही.

रशियाला काय देऊ केले होते?

आता मूळ तक्रारीकडे वळू. रशियाच्या कृषी बँकेला ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय बँक संदेशप्रणालीत पुन्हा प्रवेश द्यावा, जहाजांच्या विम्यातील अडचणी दूर व्हाव्यात, अशा तिच्या मागण्या होत्या. सामंजस्य करारात मात्र संयुक्त राष्ट्रसंघाने अडथळे दूर करण्यासाठी प्रयत्न सुरू ठेवण्याचे मान्य केले होते. फलाची हमी तो देऊ शकत नव्हता, कारण निर्बंध लादणारे देश करारात नव्हतेच. ‘रोसेलखोझबँक’ या कृषी बँकेला युरोपीय महासंघाने ‘स्विफ्ट’मधून वगळले ते जून २०२२ मध्ये, म्हणजे सह्या होण्याआधी. तरीही तिचे नाव सामंजस्य करारात घातले गेले नाही. शिवाय २०२२-२३ च्या हंगामात रशियाची गहू निर्यात विक्रमी झाली.

एका मुद्द्यावर मात्र रशियाच्या तक्रारीत तथ्य होते. निर्यात करावयाच्या वस्तूंमध्ये अमोनियाचा उल्लेख पहिल्या दस्तऐवजात स्पष्टपणे होता. रशियातील तोग्लियाती येथून ओडेसाकडे अमोनिया वाहून नेणारी वाहिनी मात्र सुरू झालीच नाही आणि या मार्गाने अमोनिया बाहेर पडला नाही. जून २०२३ मध्ये खारकीव्ह प्रांतात ही वाहिनी फुटल्याने तो विषय तिथेच थांबला.

करार संपताच ओडेसा परिसरावर पुन्हा हल्ले सुरू झाले आणि चोर्नोमोर्स्कमध्ये सुमारे ६० हजार टन धान्य नष्ट झाले. ऑगस्टमध्ये युक्रेनने रुमानिया आणि बल्गेरियाच्या किनाऱ्यालगतचा स्वतंत्र मार्ग सुरू केला. रशियाशी झालेल्या सामंजस्य कराराची तीन वर्षांची मुदतही जुलै २०२५ मध्ये संपली.

समुद्रमार्ग अडले की अशी आश्वासने पुन्हा दिली जातील आणि ती मोडल्याच्या तक्रारीही ऐकू येतील. तेव्हा नेत्यांची भाषणे ऐकण्याआधी सही कोणाची आहे, ती कोणासमोर केली आहे आणि क्रियापद ‘करू’ असे आहे की ‘प्रयत्न करू’ असे, एवढे तरी वाचकाने विचारावे. इस्तंबूलच्या त्या दोन कागदांवरून झालेल्या बहुतेक वादांचा उलगडा या तीन प्रश्नांतूनच होतो.