समतोलाचं गणित : उलाळ की धुरजड?

गेल्या आठवड्यात आपण वस्तूला तिच्या सोबत्यांपासून सोडवून कागदावर एकटी काढली. हीच फ्री बॉडी डायग्राम. सोडवण्यात कुणी फारसं चुकत नाही. घोळ होतो तो नंतर. वस्तूला धरून ठेवणारे आधार आपण खोडले, तर त्यांच्या जागी बाण किती काढायचे आणि कुठल्या दिशेचे?

पुस्तकात यासाठी त्रिकोण, गोल आणि रेघोट्यांची भिंत अशी चिन्हं असतात आणि मुलं ती पाठ करतात. त्यापेक्षा नामपूरच्या कांदा मार्केटात लिलावाच्या दिवशी अर्धा तास उभं राहावं. मोसम खोऱ्यातून आलेल्या वाहनांच्या रांगेतली एक दोन चाकी ट्रॉली निवडा आणि तिच्या प्रत्येक आधाराला एकच प्रश्न विचारा : तू काय होऊ देत नाहीस?

चाक ट्रॉलीला पुढे-मागे जाऊ देतं, फक्त खाली जाऊ देत नाही. म्हणून तिथे एकच बाण, वरच्या दिशेचा. पुस्तकातला रोलर तो हाच. ट्रॅक्टरच्या हूकमधली पिन ट्रॉलीचं तोंड वर-खाली किंवा पुढे-मागे सरकू देत नाही, पण पिनेभोवती थोडं डोलू देते. म्हणून बाण दोन, मोमेंट नाही. काँक्रीट ओतून पुरलेला खांब डोलूही देत नाही, तिथे दोन बाणांच्या जोडीला मोमेंटचा वाकडा बाण लागतो. साखळी फक्त ओढते. तिला ढकलायला लावणारी आकृती मी दरवर्षी तपासतो आणि दरवर्षी तितकाच वैतागतो.

आता आकडे. ट्रॉली सपाटीवर उभी आहे. पिन ते चाकांचा आस हे अंतर ३ मीटर. मालासकट वजन ३००० किलो. (बल न्यूटनमध्ये मोजतात हे खरं, पण बाजारात किलो चालतो आणि हिशेब बदलत नाही.) वजनाचा मध्य आसाच्या अर्धा मीटर पुढे असेल, तर आसाभोवती मोमेंट घेऊन पिनेवर ३००० × ०.५ ÷ ३ म्हणजे ५०० किलो येतात आणि चाकांवर २५००.

तोच माल मागे सरकवा, मध्य आसाच्या ०.३ मीटर मागे जाऊ द्या. पिनेचं उत्तर येतं उणे ३००, चाकांवर ३३००. एकूण वजनापेक्षा चाकांवर जास्त! इथे मुलं घाबरून खोडरबर शोधतात. पण उत्तर बरोबर आहे. पिन आता ट्रॉलीचं तोंड खाली दाबून धरते आहे आणि ट्रॉली ट्रॅक्टरची मागची बाजू उचलू पाहते आहे. बैलगाडीवाल्यांकडे या दोन्ही चिन्हांना शब्द आहेत. पुढे भार जास्त तर गाडी धुरजड, मागे जास्त तर उलाळ. धुरजड गाडीत जू बैलांच्या मानेवर बसतं, उलाळ गाडीत ते वर उचलू लागतं.

आता ट्रॅक्टर सोडवा आणि तोंडाखाली टेकू लावा. टेकू पिनेसारखा खाली ओढू शकत नाही, त्याला नुसतं वर ढकलणं येतं. म्हणून टेकूचं उत्तर उणे आलं, तर ते बल अस्तित्वातच नाही आणि आपली आकृतीही उभी राहत नाही : ट्रॉली केव्हाच उताणी झालेली असते. पोती उतरवताना पुढची आधी काढली की मध्य मागे सरकत जातो आणि नेमकं हेच होतं. मुरलेला हमाल मागून सुरुवात करतो. त्याला कुणी मोमेंट शिकवलेला नसतो.

चिन्ह तेच, गणित तेच, पण पिनेच्या जागी त्याचा अर्थ ‘खाली ओढते आहे’ असा आणि टेकूच्या जागी ‘सुटला’ असा. पुस्तकं इथे जरा घाई करतात. काही गणितांत रोलर दोन रुळांमध्ये अडकवलेला असतो, त्याला उणे उत्तर चालतं. चित्र नीट बघितल्याशिवाय ठरवू नका.

पुढच्या आठवड्यापर्यंत एवढं करून ठेवा : ट्रॉली चढावर उभी आहे आणि चाकामागे गोटा लावलाय. गोटा गुळगुळीत धरा. त्याचा बाण कुठल्या दिशेचा, आणि तो चाकाच्या कुठल्या बिंदूतून जाईल?