दडे सुटले म्हणजे कान बरा झाला का?

चिपळूण तालुक्यातील अलोरे गाव वाढले ते कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या वसाहतीमुळे. जवळच पोफळीला सह्याद्रीच्या पोटात कातळ कोरून वीजगृह केले आहे. १९६२ पासून तेथे वीज तयार होते. मोकळ्या मैदानात यंत्रापासूनचे अंतर दुप्पट केले की त्याचा आवाज सुमारे ६ डेसिबेलने उतरतो. बंदिस्त दालनात तसे होत नाही. कठीण भिंती आवाज शोषण्याऐवजी परत फेकतात, आणि यंत्रापासून दूर उभे राहूनही गोंगाट फारसा चुकत नाही. अशा ठिकाणी, किंवा बोगद्यात कातळ फोडणाऱ्या यंत्रापाशी, पाळी संपवून आलेल्या माणसाच्या कानांत दडे बसतात. रात्र गेली की ते सुटतात. कान पूर्ववत झाले, असे आपण समजतो.

आंतरकर्णात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात सूक्ष्म केसांचे झुपके असलेल्या केशपेशी ओळींनी उभ्या असतात. आतल्या ओळीत सुमारे ३,५०० पेशी. त्या मेंदूकडे संदेश धाडतात. बाहेरच्या तीन ओळींत सुमारे १२,००० पेशी. त्या हलक्या आवाजाचे कंपन वाढवतात. गोंगाटाने थकलेल्या पेशी सावरतात, पण मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. (कोंबडीच्या पिलांत उगवते! संशोधक अजून त्या कोड्यामागे आहेत.) १९८०च्या दशकापर्यंत हे बरेचसे उलगडले होते. नवी भर पडली ती २००९ साली. बोस्टनच्या शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबेलचा आवाज ऐकवला. त्यांची श्रवणक्षमता काही दिवसांत परतली, केशपेशीही शाबूत होत्या. मात्र पेशी आणि मज्जातंतू यांना जोडणारे सांधे काही भागांत निम्म्यापर्यंत नष्ट झाले होते. माणसात हे किती घडते याबद्दल मतभेद आहेत. तरीही दडे सुटण्यावर विसंबू नये, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

डेसिबेलचे प्रमाण फसवे आहे. ३ डेसिबेल वाढले की ऊर्जा दुप्पट. ८५ डेसिबेल आठ तास सोसणे आणि १०० डेसिबेल पंधरा मिनिटे सोसणे, कानाला सारखेच. आपल्या कारखाना नियमांत आठ तासांसाठी वर्षानुवर्षे ९० डेसिबेल ही मर्यादा धरली गेली. म्हणजे ८५च्या तिपटीहून अधिक ऊर्जा. मला ती सैल वाटते.

गोंगाटाने पहिली खोट येते ती बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास. स्वर खालच्या पट्टीत असल्याने ऐकू येतात. स, श, थ, फ अशी व्यंजने निसटतात. म्हणूनच अशी माणसे म्हणतात, “ऐकू येतं, पण कळत नाही.” घरचे मग ओरडून बोलतात. ओरडण्याने स्वर मोठे होतात, व्यंजने फारशी नाहीत. शिवाय बाह्य केशपेशी गेल्या की हलका आवाज ऐकू येत नाही आणि थोडा मोठा झाला की एकदम असह्य होतो. जुनी श्रवणयंत्रे सारेच मोठे करीत. कित्येकांनी ती खणात ठेवून दिली यात नवल नाही. आजची यंत्रे प्रत्येक पट्टीत हलका आवाज अधिक आणि मोठा कमी वाढवतात. पण गर्दीतून एकच माणूस वेगळा ऐकणे, हे त्यांना अजून नीट साधलेले नाही.

वर्गात एक साधी चाचणी करता येईल. विद्यार्थ्याच्या मागे चार हातांवर उभे राहून साध्या आवाजात साप, ताप, थाप, शाप असे शब्द उलटसुलट क्रमाने म्हणावेत आणि त्याला लिहायला सांगावे. चुका वारंवार होत असतील, तर कानाच्या डॉक्टरांकडून श्रवणमापन करून घ्यावे. हेडफोन लावणाऱ्या मोठ्या मुलांची चाचणी आधी घ्यावी.