शेजार पाहावा शोधून!

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले वाडवडील सांगून गेले. भाड्याच्या जागेविषयी मात्र ते काही बोलले नाहीत. माझ्या भाच्याची पुण्याहून जालन्याला बदली झाली, तेव्हा ही उणीव मला फार जाणवली. भाचा देशस्थ, भाचेसून नागालँडची आणि सहा वर्षांचे चिरंजीव चेहऱ्याने आईवर, हट्टाने बापावर गेलेले!

अशा विवाहाला १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा आधार आहे. पण घरमालकाच्या दारी तो कायदा चपलांपाशीच थांबतो. पहिल्या घरी भाच्याचे आडनाव ऐकून चहा आला. तेवढ्यात भाचेसून मुलाला घेऊन आत आली आणि मालकांना एकाएकी आठवले की, वरच्या खोल्या मेहुण्याला कबूल केल्या आहेत. दुसऱ्या घरी, ‘‘आमची काही हरकत नाही हो, पण आसपासची माणसे...’’ एवढ्यावर वाक्य थांबले.

रिक्षात भाचेसून म्हणाली, ‘‘मामा, नुसते ‘चालेल’ म्हणणारे घर नको. ह्याला खेळायला हाक मारणारे घर पाहिजे.’’

मला वाटले, हे जालन्यात का मिळू नये? कुंडलिकेच्या दोन तीरांवर वसलेले हे व्यापारी गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. मराठी, उर्दू आणि मारवाडी इथल्या बाजारात एकाच तराजूत तोलल्या जातात. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे ‘महिको’ काढली आणि बियाण्यांच्या धंद्याने गावाचे नाव दूरवर नेले. पोलादाच्या कारखान्यांत बिहार-उत्तर प्रदेशचे मजूर आले. पोटापाण्याने माणसे एकत्र आली. प्रश्न उरतो तो उंबरठ्याचा.

हा प्रश्न या मुलखाला नवा नाही. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. मिशनऱ्यांकडे गेलेला त्याचा धाकटा भाऊ श्रीपत परत आला, तेव्हा त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी कर्मठांचा रोष पत्करला. नारायणराव पुढे जालन्यास आले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या काळात मिळालेल्या जमिनीवर त्यांनी ‘बेथेल’ ही वसाहत उभारली. तिथे आलेल्यांत मातंग कुटुंबे पुष्कळ होती. धर्मांतराविषयी कोणाचे मत काहीही असो. ब्राह्मण आणि मातंग यांना शेजारी राहण्यासाठी त्या काळी नवे गावच वसवावे लागले, हे विसरून चालणार नाही. आपल्याला तर एकच दार उघडायचे आहे!

मग आम्ही जागा पाहण्याची रीत बदलली. दुपारी दलालाबरोबर न जाता संध्याकाळी, मुले खेळतात त्या वेळी जाऊ लागलो. आधी खोल्या न पाहता किराण्याच्या दुकानापाशी उभे राहायचे, कोण कोणाशी बोलते ते पाहायचे. अशाच एका गल्लीत समोर मारवाडी दुकानदार, बाजूला उर्दू बोलणारे शिंपी, पलीकडे तेलुगू रेल्वे नोकर, आणि माडीवर ‘भाड्याने देणे’ची पाटी!

मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी भाचेसुनेकडे एकवार नीट पाहिले. ‘‘मी माळकरी आहे. सामिष शिजवलेत आणि वास खाली आला, तर मी तोंडावर सांगेन. तुम्ही रागावायचे नाही. कबूल?’’

‘‘कबूल. माझे काही चुकले तर मलाच सांगा, गल्लीला नको,’’ भाचेसून म्हणाली.

बाई हसल्या. ‘‘आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. पिंप आहे का?’’

जात राहिली, गाव राहिले. पिंपाची चौकशी झाली! मी निःश्वास सोडला. खाली पाहिले, तर चिरंजीव अंगणात नव्हते. शिंप्याच्या मुलाने त्यांना केव्हाच क्षेत्ररक्षणाला उभे केले होते, आणि चेंडू सुटल्याबद्दल सगळी गल्ली त्यांना हक्काने ओरडत होती.