उसाची ट्रॉली आणि स्टिअरिंगचा ‘प्ले’

दिवाळी संपून सुट्टीवरून आपण होस्टेलला परततो, तेव्हा आमच्या भागात हंगाम सुरू झालेला असतो. अंबड तालुक्यात अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पट्ट्यातला ऊस तिकडे निघतो. एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या आणि वर आभाळाला टेकलेला ऊस! काळ्या जमिनीतल्या फडातून, बांधावरून, पाणंदीतून ही गाडी डांबरी रस्त्यावर येते. डोंगरदऱ्यांत जीप पळवणाऱ्यांना ‘ऑफ-रोडिंग’ हा छंद वाटतो, आमच्याकडे ती रोजची ड्युटी आहे.

दोन हंगामांपूर्वी काकांच्या ट्रॅक्टरचा टाय रॉड फडातल्या दगडावर बसून वाकला. गावातल्या वेल्डिंगवाल्याने तो सरळ केला आणि वरून अँगलची पट्टी मारून दिली. “आता हत्ती बसला तरी वाकणार नाही,” म्हणाला. खरंच वाकला नाही. पण आठ दिवसांनी मोकळ्या ट्रॉल्या घेऊन परत येताना स्टिअरिंग आर्मच तुटला. एक चाक उजवीकडे, एक डावीकडे! वेग कमी होता, म्हणून ट्रॅक्टर नुसता चारीत उतरला. ट्रॉलीत तोडणीवाल्यांचं एक जोडपं लेकरासह बसलं होतं. कोणाला लागलं नाही, पण त्या रात्री काका जेवले नाहीत. मी तेव्हा सेकंड इयरला होतो. थिअरी ऑफ मशिन्स पास झालो होतो, पण आर्म का तुटला हे मला सांगता आलं नाही. ते समजायला जे वाचलं आणि गॅरेजमध्ये बसून जे पाहिलं, ते इथे मांडतोय.

साखळी कशी असते?

जुन्या मेकॅनिकल स्टिअरिंगमध्ये आपण चाक फिरवलं की स्टिअरिंग बॉक्समधून ड्रॉप आर्म हलतो. तो ड्रॅग लिंकला ढकलतो, ड्रॅग लिंक स्टिअरिंग आर्मला, आणि आर्म स्टब एक्सलला किंग पिनभोवती फिरवतो. दुसऱ्या बाजूचं चाक टाय रॉडने जोडलेलं असतं. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं, म्हणून हे आर्म थोडे तिरके ठेवतात. म्युनिकच्या लँकेनस्पर्गरने ही युक्ती १८१७ साली घोडागाडीसाठी काढली आणि १८१८ मध्ये अ‍ॅकरमनने इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं. परीक्षेत आपण अ‍ॅकरमनचं नाव लिहितो, डोकं मात्र लँकेनस्पर्गरचं! मुद्दा असा, की आर्म वाकला किंवा वेल्डिंग करताना त्याचा कोन बदलला की हे गणित बिघडतं आणि टायर घासायला लागतात.

एक मिलीमीटरचा हिशेब

ड्रायव्हर म्हणतो, “थोडा प्ले आहे, चालतंय.” थोडा म्हणजे किती? समजा स्टिअरिंग आर्मची लांबी १५० मि.मी. आहे. चार जोडांमध्ये प्रत्येकी अर्धा मि.मी. झीज धरली तर एकूण २ मि.मी. म्हणजे चाक सुमारे पाऊण अंश मोकळं. बॉक्सचं गुणोत्तर २० धरलं तर हातातलं स्टिअरिंग १५ अंश फिरेपर्यंत पुढच्या चाकाला पत्ताच नाही. २०० मि.मी. त्रिज्येच्या स्टिअरिंगवर हे अंतर पाच सेंटिमीटरच्या वर जातं.

आता उलट बाजूने बघा. पुढची चाकं पाऊण अंश भलतीकडे राहिली आणि व्हीलबेस २ मीटर असला, तर ट्रॅक्टर १५० मीटर त्रिज्येच्या वळणावर चालतो. २० मीटर जाईपर्यंत तो सव्वा मीटरपेक्षा जास्त बाजूला सरकलेला असतो. ताशी २० किलोमीटर वेगाला हे चार सेकंदांच्या आत होतं. समोरून मोटारसायकल येत असेल तर सव्वा मीटर म्हणजे काय, ते सांगायला नको.

रॉड जाड केला म्हणजे झालं?

टाय रॉडवर दाब येतो तेव्हा तो बाक येऊन जातो. २५ मि.मी.चा भरीव रॉड आणि ३५ मि.मी. बाहेरचा, २५ मि.मी. आतला पाइप यांचं वजन जवळजवळ सारखंच. पण बाक येण्याला पाइपचा विरोध पावणेतीन पटींहून जास्त! म्हणून चांगला रॉड म्हणजे जाड भिंतीचा, सरळ, अखंड पाइप. वरून पट्टी मारलेला नव्हे.

पण खरी मेख पुढे आहे. दगडाचा धक्का कुठे नाहीसा होत नाही. रॉड वाकला असता तर तो धक्का रॉडने खाल्ला असता. रॉड कडक केला, की तोच धक्का बॉल जॉइंट, आर्म आणि बॉक्सच्या बोल्टांपर्यंत जातो. घरातला फ्यूज उडतो म्हणून त्या जागी जाड तार टाकली तर वायरिंग जळतं, तसंच हे. काकांचा आर्म असाच गेला. वाकलेला रॉड दिसतो, आर्मला गेलेला तडा दिसत नाही. म्हणून एक भाग वजनदार करायचा असेल तर पूर्ण साखळी त्याच तोडीची हवी. आणि फोर्जिंगच्या आर्मला वेल्डिंग कधीच नको, कारण उष्णतेने त्याच्या शेजारचा भाग ठिसूळ होतो.

पॉवर स्टिअरिंग बसवलं की?

पॉवर स्टिअरिंगचे फायदे खरे आहेत. ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल मधल्या पिनवर डोलतो. बांध ओलांडताना एक बाजू उचलली की जुन्या पद्धतीत ड्रॅग लिंक चाकाला आपोआप थोडं वळवते. एक्सलवरच सिलिंडर बसवलेल्या हायड्रोस्टॅटिक पद्धतीत ड्रॅग लिंकच नसते, त्यामुळे हा झटका जातो. हातही भरून येत नाहीत. पण इंजिन बंद झालं की पंप बंद, आणि स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दुसरा धोका जास्त लबाड आहे. स्टिअरिंग हलकं झालं म्हणून चाकाला पकड आली असं नव्हे. ट्रॅक्टर २००० किलोचा, त्यातले ८०० किलो पुढे, असं धरू. २० टन ओढत पाच टक्के चढ चढताना खराब रस्त्यावर हुकवर ढोबळमानाने १७०० किलोचा ओढ येतो. हुक जमिनीपासून अर्धा मीटर आणि व्हीलबेस २ मीटर, तर पुढचा भार ४२५ किलोंनी घटतो. त्यात ट्रॉली दोन चाकी असेल आणि हुकवर ५०० किलो दाबत असेल, हुक मागच्या एक्सलच्या ६० सें.मी. मागे असेल, तर आणखी १५० गेले. उरले २२५ किलो. एवढ्यावर चिखलात चाक वळतं, ट्रॅक्टर वळत नाही. इथे सोन्याचा टाय रॉड लावला तरी उपयोग शून्य!

इलाज मात्र स्वस्त आहे. हुक दहा सें.मी. खाली घेतला तर ८५ किलो परत मिळतात. पुढच्या एक्सलच्या अर्धा मीटर पुढे २०० किलोच्या प्लेटा लावल्या तर २५० मिळतात. वजन किती लावायचं ते कंपनीच्या पुस्तकात बघावं. ऊस कमी भरणं हा सगळ्यांत खात्रीचा उपाय, पण तो कोणालाच आवडत नाही.

मग क्रम काय?

सुरुवात जमिनीपासून करा. आधी पुढचा भार आणि टायरची हवा. मग चाकाचे बेअरिंग, किंग पिन आणि बुश. पुढचा एक्सल उचलून चाक वर-खाली धरून हलवलं की कळतं. त्यानंतर रॉडचे बॉल जॉइंट. एकाने स्टिअरिंग हलवावं, दुसऱ्याने जोडावर बोट ठेवावं. बॉक्स सर्वांत शेवटी. आपण नेमकं उलटं करतो, प्ले दिसला की आधी बॉक्स आवळतो! नवा जॉइंट बसवला की नट ठरलेल्या टॉर्कला आवळायचा. पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा, मागे ढिला करायचा नाही. स्प्लिट पिन दर वेळी नवी. शेवटी टो-इन मोजायचा आणि रोज ग्रीस मारायचं. आणि हो, मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ५२ गाडीत मनाला येईल तसा बदल करू देत नाही. म्हणून कंपनीने त्या मॉडेलला दिलेलेच सुटे भाग बरे.

काकांनी त्या वर्षी दोन्ही आर्म, टाय रॉड, चारी जॉइंट नवे घातले आणि पुढे प्लेटा लावल्या. एका खेपेला ऊसही थोडा कमी भरतात. मित्रांनो, या सुट्टीत गावी गेलात तर दारातल्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग एकदा हलवून बघा. चाक हलायच्या आधी हात किती फिरतो, ते पट्टीने मोजा. आपल्या डिग्रीचा पहिला उपयोग तिथेच होईल.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी