आरपार दिसणारं विमान

लेझेअर नावाच्या छोट्या विमानाच्या पंखाखाली उभं राहून वर बघितलं की थेट आकाश दिसतं. पंखावर ना पत्रा, ना कापड. आहे ती टेडलार नावाची पातळ पारदर्शक फिल्म. सौर पॅनेलच्या पाठीला जी फिल्म लावतात, तिच्याच जातीची. तिच्यामागची एकेक बरगडी, एकेक नळी उघडी दिसते. जुनी छोटी विमानं दुरुस्त करून उडवणाऱ्यांचा या विमानावर इतका जीव का, याचं निम्मं उत्तर मला इथेच सापडतं. या विमानाला काही लपवता येत नाही आणि ते दुरुस्त करणाऱ्यालाही येत नाही.

कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात, ईरी सरोवराच्या काठी पोर्ट कोलबोर्न हे गाव आहे. तिथल्या डेल क्रेमरने हे एका माणसाचं विमान आखलं आणि १९७९पासून ते सुट्या भागांच्या संचाच्या रूपात विकलं जाऊ लागलं. त्या काळात अमेरिका-कॅनडात हँग ग्लायडरला इंजिन लावून बघण्याचं वेड पसरलं होतं. १९७६ साली अमेरिकेतल्या ऑशकॉशच्या विमानमेळाव्यात जॉन मूडी दुहेरी पंख खांद्यावर घेऊन, पाठीशी लहानसं इंजिन लावून स्वतःच्या पायांनी धावत उडाला. लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि पुढच्या काही वर्षांत असंख्य गॅरेजांत ॲल्युमिनियमच्या नळ्या कापल्या जाऊ लागल्या. १९८२मध्ये अमेरिकेने नियम केला: एकच आसन, रिकामं वजन २५४ पौंडांच्या, म्हणजे ११५ किलोंच्या आत, पेट्रोल ५ गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर. अशा अटी पाळल्या तर विमानाची नोंदणी नको आणि उडवणाऱ्याला परवानाही नको.

त्या गर्दीत लेझेअर वेगळं उठून दिसलं. इतरांचे पंख तारांनी ताणलेल्या शिडासारखे होते. याचा पंख खऱ्या ग्लायडरसारखा, सुमारे ३६ फूट लांब. पुढची कड ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची, वळवून बंद केलेली. पंखाला पीळ बसू न देण्याचं काम तीच करते. बरगड्या फोमच्या, त्यांच्या कडेला ॲल्युमिनियमची पट्टी. शेपूट उलट्या ‘व्ही’सारखं. आणि इंजिनं दोन! सुरुवातीची इंजिनं लाकूड कापायच्या पायोनियर करवतीची होती, प्रत्येकी साडेपाच अश्वशक्तीची. आपल्याकडच्या १०० सीसी मोटारसायकलीला साधारण ८ अश्वशक्ती असते. म्हणजे दीड मोटारसायकलीहून कमी ताकदीवर एक माणूस आकाशात जात होता. पुढे साडेनऊ अश्वशक्तीची रोटॅक्स १८५ इंजिनं आली. जंगलातला वणवा विझवताना उचलून नेता येणाऱ्या पाण्याच्या पंपावर हेच इंजिन असतं.

असं विमान आज कोणाच्या तरी कोठारात, आढ्याला टांगलेलं सापडतं. फिल्म पिवळट आणि ठिसूळ झालेली, कार्बुरेटरमधला पडदा कडक झालेला, क्रँकशाफ्टची सीलं सुकलेली. इंजिनाचं काम तसं सोपं. दोन-स्ट्रोक स्कूटर उघडलेल्या कुठल्याही मेकॅनिकला ते उमगेल. खरी परीक्षा पंखाची. जुनी फिल्म सोलून काढायची आणि आतल्या प्रत्येक रिव्हेटजवळ गंज, पत्र्याला पडलेली घडी, नळीला गेलेली बारीक चीर भिंगातून शोधायची. मग नवी फिल्म दुहेरी चिकटपट्टीवर बसवायची आणि उष्णता देऊन हळूहळू ताणायची. उष्णता कमी पडली तर सुरकुती राहते, जास्त झाली तर भोक पडतं. घाई केलेली जागा पुढची कितीतरी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत राहते.

त्याहून अवघड आहे हात आवरणं. दुरुस्त करणाऱ्याला वाटतंच, इथे जरा जाड नळी घालू, तिथे आणखी एक पट्टी ठोकू. काही जण फिल्म सोडून पॉलिएस्टर कापड चढवतात. ते टिकतं, पण जड होतं. मला ही तडजोड पटत नाही. शंभर किलोंच्या आतलं विमान, इतकी कमी ताकद. वाढलेला प्रत्येक किलो वर चढण्याच्या वेगातून वजा होतो. मजबुती वाढवल्याच्या समाधानात उडणंच संपून जातं. जुनं घर दुरुस्त करताना भर घातली तर चालते, इथे काट्यावर वजन करूनच एकेक तुकडा परत जातो.

हलक्या विमानाचं बळ काय असतं ते मुंबईच्या विजयपत सिंघानियांनी १९८८ साली दाखवलं. लंडनहून भारतापर्यंत ते मायक्रोलाइटने २३ दिवसांत आले. लेझेअरवाल्यांना मात्र कुठे पोहोचायचं नसतं. क्रेमर स्वतः २०११मध्ये करवतीच्या इंजिनांऐवजी विजेच्या मोटारी लावलेलं लेझेअर घेऊन ऑशकॉशला आला, तेव्हाही पंख तोच होता.

उड्डाण संध्याकाळी, वारा पडल्यावर. पंख गाडीवरून उतरवून जोडायचे, पिना दोनदा तपासायच्या, दोरी ओढून एकेक इंजिन चालू करायचं. वेग ताशी साठेक किलोमीटर. खालच्या शेतातल्या गवताचा वास वरपर्यंत येतो. उतरताना इंजिनं मंद होतात, विमान तरंगत खाली येतं, आणि चाकं टेकायच्या जरा आधी गवतावर सावली उमटते ती नुसत्या सांगाड्याची. तिच्यात बरगड्या मोजता येतात.