'मान्य आहे, पण…' इंग्रजीत ऐकताना

परळच्या केईएमसारख्या रुग्णालयातल्या परिचारिकेला ब्रिटनमध्ये नोंदणी करायची, तर साधारणतः आयईएल्ट्स किंवा ओईटी यांपैकी इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागते. आयईएल्ट्सच्या श्रवणात चार भाग, 40 प्रश्न, वेळ सुमारे 30 मिनिटं. ध्वनिफीत एकदाच वाजते आणि नोंदणीसाठी 7 बँड हवेत.

खरा चकवा तिसऱ्या भागात. तिथे दोन ते चार जण, बहुधा विद्यार्थी आणि शिक्षक, चर्चा करतात आणि कोणाचं मत काय, हे ओळखायचं असतं. पर्यायांतले शब्द सगळेच उच्चारतात, त्यामुळे शब्द कानावर पडला म्हणून खूण केली की फसगत ठरलेली.

समजा, गिरणगावावरच्या प्रकल्पाची चर्चा आहे. मुलगी म्हणते, जुन्या कामगारांच्या मुलाखती घेऊ. मुलगा म्हणतो, 'आय सपोज वी कुड, बट वुडन्ट दॅट टेक एजेस?' यातलं 'वी कुड' ऐकून होकार लिहिला की गुण गेला. लालबागच्या मंडळाच्या बैठकीत कोणी 'तुमचं सगळं मान्य आहे, पण' म्हणालं की सूचना बारगळली, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. इंग्रजी नकारही बरेचदा असाच गोड असतो.

प्रश्न वाचायला मिळणाऱ्या वेळात वक्त्यांची आद्याक्षरं कागदावर मांडावीत, पुढे बरोबर किंवा फुली. दोघांचं एकमत विचारलं असेल, तर दुसऱ्याचं उत्तर येईपर्यंत पेन उचलू नये. मध्येच कोणी मत बदललं, तर शेवटचं धरावं.

सरावाला बातम्या ऐका, असं सर्रास सांगतात. मला ते फारसं पटत नाही. बातमीत वाद घालणारं समोर कोणी नसतं. त्यापेक्षा बीबीसी रेडिओवरच्या चर्चा ऐकाव्यात.